तांबडीच्या आजाराचा खरा वृत्तान्त

भिवंडी,
रविवार, ता. १२ मार्च १९७८

चि. पंढरीनाथ यांस,
सावळाराम धर्मा तरे यांचे आशीर्वाद.

गेल्या रविवारी मानकोली येथे तुमच्या पुतण्याच्या बारशात, जेवणाच्या दोन पंक्ती उठेपर्यंत, तुम्ही एक हकीकत सांगितलीत. ती तीन निरनिराळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत पोचली आणि तिन्ही वेळा सारखीच होती. यावरून तुम्ही ती पाठ करून सांगत असावात. हकीकत अशी: 'सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरमामांनी त्यांची लाडकी कोंबडी कापली, रस्सा ओरपला आणि मग परवानगीचे पत्र टाकले.'

या वाक्यात चार विधाने आहेत आणि चारही खोटी आहेत. कोंबडी दुसऱ्या दिवशी मेली नाही. तिला सुरी लागलेली नाही. तिचे मांस कोणीही खाल्लेले नाही. परवानगीचे पत्र आधी गेले, नंतर नव्हे; एक नव्हे, तीन गेली; आणि ती तिन्ही तुमच्याच हाती पडली.

मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. त्या काळात मूर्ख पुष्कळ पाहिले, पण आपल्या मूर्खपणाला श्रोते जमवणारे थोडे. मी धाडलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतो. ही सवय तुमच्यासारख्यांमुळेच लागली. त्या नकला, तुमच्या व कमळाच्या उत्तरांसह, खाली क्रमाने उतरवल्या आहेत. त्या मानकोलीच्या त्याच मंडळींना वाचून दाखवाव्यात. मंडळींत मला न ओळखणारेही असतील, म्हणून सांगतो: गुणाबाई ही माझी धाकटी, विधवा बहीण. माझी पत्नी वारल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, ती माझे घर सांभाळते. तिला लिहितावाचता येत नाही. कमळा तिची मुलगी, आणि तुम्ही कमळाचे यजमान, हे माझ्या भाचीचे प्रारब्ध.

•

भिवंडी,
ता. २२ जानेवारी १९७८

चि. पंढरीनाथ यांस, आशीर्वाद.

गुणाबाईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया सोमवारी निर्विघ्न पार पडल्याचे तुमचे कार्ड मिळाले. 'निर्विघ्न' हा शब्द तुम्ही दोन विघ्ने आणून लिहिला आहे, परंतु अर्थ पोचला.

येथे एक अडचण उद्भवली आहे. गुणाबाईची तांबडी कोंबडी, जिला ती 'बायो' म्हणते आणि मी काहीच म्हणत नाही, काल सकाळपासून आजारी आहे. डालग्यातून उठत नाही, दाणा टिपत नाही. शेपटी खाली, पोट मडक्यासारखे. शेजारच्या रंगूबाईने पाहून ती खुडूक बसल्याचा निर्वाळा दिला. अंडी उबवायला बसलेली कोंबडी आणि आजारी कोंबडी यांतला भेद ज्या बाईला साठाव्या वर्षीही कळत नाही, तिच्याशी वाद काय घालावा? मी आजार प्रथमदर्शनीच ओळखला.

आता मुद्दा. कोंबडी माझी नाही. तिला औषधोपचार करावा की हालांतून सोडवावे, हे मालकिणीने ठरवायचे आहे. दुसऱ्याच्या जिवाविषयी परस्पर निर्णय घेणाऱ्यांपैकी मी नाही. गुणाबाईला विचारून उलट टपाली कळवावे.

सावळाराम

•

लालबाग, मुंबई
ता. २५-१-७८

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आईंची तब्येत ठीक आहे. ऑपरेशन एका डोळ्याचं पण पट्टी दोन्हींवर आहे. हालायचं नाही, खोकायचं नाही असं डॉक्टर बोलले.

कोंबडीचं आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, योग्य वाटेल ते करा. तेव्हा प्रश्न मिटला.

मामा, राग मानू नका, पण कोंबडी आजारी पडली तर माणसं पत्र लिहीत नाहीत, चुलीवर पाणी ठेवतात. माझी सध्या मिलमध्ये डबल ड्युटी चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

आपला, पंढरी

•

भिवंडी,
ता. २९ जानेवारी १९७८

चि. पंढरीनाथ यांस, आशीर्वाद.

'योग्य वाटेल ते करा' हे वाक्य माझ्या बहिणीच्या तोंडचे नाही. तिने 'योग्य' हा शब्द आयुष्यात उच्चारलेला नाही. तिने काय म्हटले ते तिच्या शब्दांत हवे.

काल मी कोंबडी डालग्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेली. वाटेत निम्मी भिवंडी सल्ला द्यायला उभी होती. लूमवरचा मुनीर शिफ्ट सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "मास्टरजी, तकलीफ़ में है बेचारी. आज ही छुड़ा दो." त्याला मी, तू सुताची तुटलेली टोके जोड, असे सांगितले. दवाखान्यातला कंपाउंडर तर स्वतःला विनोदी समजतो. "मास्तर, बैल आणतात, म्हैस आणतात. कोंबडीला आमच्याकडे औषध एकच, कांदा-खोबऱ्याचं वाटण." बाकावर तीन शेतकरी बसले होते; ते तिघेही हसले. एका म्हशीने मात्र सभ्यपणा पाळला.

डॉक्टर तरुण आहेत, तरी शुद्ध बोलतात. अंडे आत अडकून फुटले आहे, त्याचा बलक पोटात नासला आहे आणि पोटात पाणी झाले आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी सुईने ते पाणी काढले. एक पेलाभर निघाले, पिवळट. त्यानंतर कोंबडीने मान वर केली आणि भोवताली पाहिले. "बसून किती दिवस झाले?" त्यांनी विचारले. मी आठवडा झाल्याचे सांगितले. त्यांनी अंगठ्याने पोट पुन्हा चाचपले आणि "आठवडा?" असे पुन्हा विचारले. मी उत्तर बदलले नाही.

त्यांचे म्हणणे असे: पाणी पुन्हा भरणार, दर आठवड्याला काढावे लागणार, पाण्यातून औषधाची पूड दिल्यास महिनाभर तगेल, कदाचित अधिकही, पण अंडे घालणारी, पिल्ले काढणारी कोंबडी ती पुन्हा होणार नाही. किंवा आजच शेवट करावा. "दोन्हींत गैर काही नाही. कोंबडी कोणाची?" मी बहिणीची म्हणालो. "मग त्यांना विचारा."

तेच मी विचारत आहे.

सावळाराम

•

लालबाग, मुंबई
ता. २-२-७८

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचायला दोनदा चहा प्यावा लागला. आई म्हणाल्या, औषध चालू ठेवा. आता तरी समाधान झालं ना? आईंना टेन्शन देऊ नका. त्या मजेत आहेत. कमळा रोज पेज भरवते.

मागे त्यांनी योग्य वाटेल ते करा म्हटलं होतं, आता औषध चालू ठेवा म्हणतात. बायकांचं असंच असतं.

आपला, पंढरी

•

भिवंडी,
ता. ५ फेब्रुवारी १९७८

चि. पंढरीनाथ यांस, आशीर्वाद.

बायकांचे कसे असते हे मला ठाऊक नाही. खोटे बोलणाऱ्यांचे मात्र असेच असते: पहिल्या उत्तराचे त्यांना दुसऱ्या वेळी स्मरण राहत नाही.

काल दुसऱ्यांदा पाणी काढले. या खेपेस मान वर झाली नाही. पूड घातलेले पाणी ती पीत नाही. मी चमच्याने चोचीच्या कडेला सोडतो. मऊ भात बोटाने भरवतो. असे न केल्यास ती पायांवर घाण करून घेते आणि ओटी मला धुवावी लागते, म्हणून. यात दुसरे काही शोधू नका.

परवा रंगूबाईने एक अंडे आणून तिच्यापुढे ठेवले. आळीतल्या निम्म्या कोंबड्या या तांबडीच्या पोटाखालून निघालेल्या आहेत. ज्याच्या घरी उबवणारी नाही तो गुणाबाईकडे अंडी आणतो आणि निघालेल्या पिल्लांतली निम्मी ठेवून जातो. तर, अंडे पाहताच या कोंबडीने, जिला पाय टेकवत नाही, चोच पुढे काढली आणि ते स्वतःखाली ओढू लागली. तीन वेळा. अंडे फुगलेल्या पोटाला अडून परत घरंगळत होते. रंगूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बघा मास्तर, मरतानाबी कामाचीच हाय." मी अंडे उचलून रंगूबाईला परत दिले. असल्या प्रयोगांतून काहीही साधत नाही.

तुम्हांला शेवटचे विचारतो. गुणाबाईचे शब्द, तिच्या बोलीत, जसेच्या तसे पाठवा. ते येईपर्यंत मी उपचार थांबवणार नाही आणि शेवटही करणार नाही. या विलंबात त्या जिवाचे जे हाल होतील त्यांना जबाबदार तुम्ही.

सावळाराम

•

(या पत्रास उत्तर आले नाही. पुढील पत्र कमळाच्या नावे, तिच्या शेजाऱ्यांच्या पत्त्यावर पाठवले.)

भिवंडी,
ता. १२ फेब्रुवारी १९७८

चि. कमळा हिस, आशीर्वाद.

रंगूबाई शुक्रवारी तिच्या भाच्याकडे लालबागला आली होती व जाता जाता तुझ्या आईला भेटली, हे तुला ठाऊक असेलच. आज ती एस.टी.तून उतरली ती थेट माझ्या ओटीवर येऊन ओरडू लागली.

"मास्तर, ही काय गंमत लावलीय? गुनाआक्का मना इचारते, अकरा पिल्लांत तलंगा किती नि कोंबडे किती? मी काय सांगू?"

मी म्हटले, "कोणती अकरा पिल्ले?"

"तुमीच लिवून धाडलंत म्हनं! बायो अंड्यांवर बसली, अकरा पिल्ली काढली, मास्तर त्यांना कण्या घालतात. आक्का हसून हसून सांगत व्हती. माजा दादा पिल्ली राखतो म्हनं."

हा मजकूर माझ्या एकाही पत्रात नाही. तो तुझ्या यजमानांची निर्मिती आहे. तीन पत्रे मी एका मनुष्याच्या तोंडी दिली आणि त्याने ती माझ्या बहिणीला वाचून दाखवताना त्यांतून अकरा पिल्ले काढली. आमच्या तांबडीलाही एका खेपेस इतकी साधत नसत.

कोंबडी आज उठून बसूही शकत नाही. चोच उघडी ठेवून श्वास घेते. उद्या तिसऱ्यांदा पाणी काढणार आहे. मला तुझ्या आईचा निर्णय हवा आहे. तुझ्या यजमानांचा नको, तुझाही नको.

सावळाराम मामा

•

लालबाग, ता. १५ फेब्रुवारी

ती. मामास कमळाचा नमस्कार.

पत्र मिळालं. आधी माझं ऐकून घ्या, मग हवं तर लाल शाई काढा. आईने रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रडली तर टाका सुटेल आणि डोळा जाईल, असं स्पष्ट बोलले. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा पट्टी बांधून नऊ दिवस झाले होते. ह्यांनी पिल्लांचं सांगितलं ते वाईट बुद्धीने नाही. पण तुम्हाला तसं कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही, कारण तुमच्या पत्राला खरं उत्तर लिहायची ह्यांना भीती वाटते. घरात सगळ्यांनाच वाटते. तुम्ही कोंबडीसाठी तीन पत्रं लिहिलीत मामा, तिन्हीत मिळून 'गुणा कशी आहे' हे एकदाही विचारलं नाहीत.

पट्टी आता एकाच डोळ्यावर आहे. काल मी आईजवळ बसले आणि तुमची चारही पत्रं अक्षर न गाळता वाचली. ती रडली नाही. पुढचं ती बोलली तसं लिहिते. सुधारू नका.

"दादा, मना पैल्या दिवशीच कललं व्हतं. पंढरी पिल्ली पिल्ली करीत व्हता, मी त्याच्या समाधानाला हसत व्हती. बायो बरी असती तर तू मना पत्र घातलं असतंस व्हय? अकरा वर्सांत मी किती येला लेकीकडं आली, तू एक ओल लिवली न्हायस. तवा चार चार पत्रं येतात म्हंजे बायो मरायला टेकलीय, येवढं मना पट्टीच्या आतूनबी दिसतं.

"तू इचारलंस ते बरं केलंस. तुज्या घरात माज्या नावाची एकच वस्तू हाय, ती ही कोंबडी. भाजी कुठली आनायची ते तू सांगनार, पावन्याला थांबवायचं का घालवायचं ते तू सांगनार. अकरा वर्सांत पैल्यांदा मना इचारलंस, नि इचारलंस ते हे.

"तर आयक. सुई आता पुरे. तिला सोड. सुरी नको. तू सोता करू नको, तुजी बोटं थरथरतात, अर्धं ऱ्हाईल नि तिचे आनखी हाल व्हतील. रंगूला बोलव, तिचा हात एका झटक्याचा हाय. तू निस्ती धर. माजं जुनं हिरवं लुगडं फळीवर हाय, ते तिच्या डोक्यावरून घाल. अंधार झाला का ती गप ऱ्हाते. कुनाला खायाला देऊ नको. परसात पूर, वर दगड ठेव, न्हायतर कुत्री उकरतील. नि रंगूशी नीट बोल."

एवढंच बोलली. मग कुशीवर वळून झोपली.

कमळा

•

येथे नकला संपल्या. पंढरीनाथ, यापुढचे तुम्ही बारशात सांगितलेत ते न पाहता सांगितलेत. मी पाहून सांगतो.

कमळाचे पत्र पोस्टमनने दुपारी चार वाजता दिले. मी ते उभ्यानेच वाचले आणि कुंपणाशी जाऊन रंगूबाईला हाक मारली. 'कृपा करून जरा येता का' असे म्हणालो. ती इतकी घाबरली, की हातातले तांदूळ निवडायचे सूप तसेच घेऊन आली. लुगडे फळीवर होते. गुणाबाईने सांगितल्याप्रमाणे मी ते कोंबडीच्या डोक्यावरून घातले आणि तिला मांडीवर दोन्ही हातांनी धरले. ती खरोखरच गप्प झाली. रंगूबाईने लुगड्याखाली हात घातला. तिचा हात एका झटक्याचा आहे, हे माझ्या बहिणीचे विधान अचूक होते.

थोड्या वेळाने रंगूबाई म्हणाली, "मास्तर, सोडा आता. झालं कवाच."

परसात खड्डा मी खणला. पाट्याचा जुना दगड वर ठेवला. एकाही कुत्र्याने आजवर तो हलवलेला नाही.

रस्सा ही तुमच्या जिभेची कल्पना आहे. ती तिथेच राहू द्या.

आता एक काम तुमच्याकडे आहे. गुणाबाईला चष्मा मिळाला, आणि डॉक्टरांनी रडण्यावरचे बंधन काढले, असे कमळा कळवते. पुढच्या आठवड्यात ती येथे परत येईल. तिच्यासमोर बसून मी वर्षानुवर्षे पुष्कळ बोललो आहे, परंतु खालील यादीतील शेवटची नोंद मला तोंडाने सांगता येईल असा भरवसा वाटत नाही. ती निघण्यापूर्वी तुम्ही ती नोंद तिला वाचून दाखवावी. पत्र वाचताना त्यातून काय गाळावे आणि काय घालावे याची तुम्हांला चांगली जाण आहे, हे सिद्ध झालेच आहे. या खेपेस दोन्ही करू नये. ऐकल्यावर तिला येथे परत यायचे की कमळाकडेच राहायचे, ते तिने ठरवावे. तिचा निर्णय तिच्या शब्दांत कळवावा.

तारखांची दुरुस्ती पुढीलप्रमाणे:

८ जानेवारी, रविवार. गुणाबाई मुंबईस गेली.

९ जानेवारी, सोमवार. तुमच्या हकीकतीतला 'दुसराच दिवस'. त्या दिवशी कोंबडी हिंडत होती व तिने एक अंडे घातले. ते मी उकडून खाल्ले. या प्रकरणात मी खाल्ले ते एवढेच.

२२ जानेवारी, २९ जानेवारी, ५ फेब्रुवारी. परवानगी मागणारी तीन पत्रे तुम्हांस गेली. गुणाबाईला ती १४ फेब्रुवारीस प्रथम ऐकू आली.

२८ जानेवारी, ४ फेब्रुवारी, १३ फेब्रुवारी. पोटातील पाणी काढले. तिसरी खेप व्यर्थ होती, हे मला नेण्यापूर्वीच समजत होते.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार. पाच वाजण्यापूर्वी कोंबडी मेली. गुणाबाई गेल्यापासूनचा तो एकेचाळिसावा दिवस.

२१ जानेवारी. माझ्या पहिल्या पत्राप्रमाणे आजाराचा पहिला दिवस. ही तारीख चुकीची आहे, आणि ती चूक तुमची नसून माझी आहे. कोंबडी ११ जानेवारीस, बुधवारी, बसली. ती खुडूक आहे असे रंगूबाई म्हणाली नाही. ते मी म्हणालो. रंगूबाई त्याच दिवशी कुंपणावरून म्हणाली होती, "मास्तर, ती खुडूक न्हाय, तिचं अंडं अडकलंय, कोमट पान्यात बसवा नि तेल लावा." मी तिला आपले काम पाहण्यास सांगितले. उबवणीची खोड मोडण्यासाठी लहानपणी जे करताना पाहिले होते ते मी १२ पासून २० जानेवारीपर्यंत रोज सकाळी केले: कोंबडीला थंड पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत बुडवून धरले आणि तिच्याच पंखातले पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घातले. नऊ सकाळी. ती ओरडत असे. मी त्याला हट्ट समजलो. पहिल्या तीन-चार दिवसांत आणली असती तर अंडे काढता आले असते, असे डॉक्टर २८ तारखेस म्हणाले. ते मी कोणत्याही पत्रात लिहिले नाही. माझ्या २२ जानेवारीच्या पत्रात 'काल सकाळपासून' असे जेथे आहे, तेथे 'अकरा जानेवारीपासून' असे वाचावे.